विश्रामबागेंतील पाठशाळा, तिचें एकीकरण आणि सतरा वर्षांचा विलंब

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील सरकारी हस्तलिखितांच्या सूची ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस पोथीच्या क्रमांकाबरोबर येणाऱ्या खुणा परिचित आहेतच. बहुतेक पोथ्यांपुढें एखादें वर्ष असतें, व ती पोथी कोणत्या सालच्या शोधांत सरकारच्या पदरीं पडली तें त्यावरून कळतें. कांहीं पोथ्यांपुढें मात्र वर्ष नसून 'विश्राम (१)' किंवा 'विश्राम (२)' एवढाच निर्देश असतो. मागें एका तरुण संग्राहकानें आम्हांस विचारलें कीं, हे विश्राम म्हणजे कोण गृहस्थ, व त्यांनीं आपल्या पोथ्या दोन वेळां कां विकल्या? प्रथम आम्हांस हसूं आलें. परंतु घरीं परत येतांना वाटूं लागलें कीं दोष त्या तरुणाचा नाहीं. ज्या वाड्याच्या नांवावरून हा निर्देश पडला त्या वाड्याचा व या पोथ्यांचा संबंध सांगणारी माहिती निरनिराळ्या ठिकाणीं विखुरली आहे, आणि ती एकत्र करण्याचे श्रम आम्हां जाणत्यांपैकीं फारसे कोणीं घेतले नाहींत. सदरहू लेख त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून लिहीत आहों.

उत्तर एका वाक्यांत देतां येईल. पुण्याचा विश्रामबागवाडा हें इ. स. १८२१ पासून संस्कृत पाठशाळेचें स्थान होतें; ती पाठशाळा १८५१ त इंग्रजी शाळेशीं एक करण्यांत आली; एकीकरणानंतर झालेल्या कॉलेजास स्वतःची इमारत मिळण्यास १८६८ साल उजाडलें; आणि ह्या घालमेलींतून जें वांचलें त्यावर जुन्या जागेचें नांव राहिलें. परंतु त्या सतरा वर्षांत काय झालें व काय झालें नाहीं हें पाहिल्यावांचून हें वाक्य म्हणजे नुसती सनावळी होय.

दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेला हा वाडा इ. स. १८०७ च्या सुमारास पुरा झाला. शनिवारवाड्याचा दिमाख यास नाहीं. हा राहावयाचा वाडा. लाकडी खांब, कोरीव महिरपी, चौक आणि त्यांभोंवतीं दालनें. बाजीरावाच्या वांट्यास त्याचें सुख फार वर्षें आलें नाहीं. १८१७ च्या नोव्हेंबरांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें, १८१८ च्या जूनांत श्रीमंत शरण आले व ब्रह्मावर्तीं गेले, आणि त्यांच्या मागें पुण्यांतील रिकामे वाडे नव्या सरकारच्या हातीं आले. रिकाम्या वाड्याचें काय करावें हा राज्य जिंकणाऱ्यास नेहमींच पडणारा प्रश्न आहे. विश्रामबागेपुरतें त्याचें उत्तर दक्षिणेच्या व्यवहारांत सांपडलें.

श्रावणमासांतील दक्षिणेची चाल तळेगांवकर दाभाड्यांनीं सुरू केली व पेशव्यांनीं ती चालविली, पर्वतीच्या पायथ्याचा रमणा त्यासाठींच होता, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यास ही चाल एकदम मोडावयाची नव्हती आणि जशीच्या तशी ठेवावयाचीहि नव्हती. त्या पैशाचा कांहीं भाग विद्येकडे वळवावा, म्हणजे पुण्याचा शास्त्रीवर्ग संतुष्ट राहील व सरकारासहि कांहीं उपयोग होईल, असा हिशोब त्यांत होता. एल्फिन्स्टन मुंबईस गव्हर्नर झाल्यावर दक्षिणचा कमिशनर विल्यम चॅप्लिन यानें ही योजना हातीं घेतली, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं, म्हणजे शके १७४३ त, विश्रामबागवाड्यांत पाठशाळा सुरू झाली. सरकारी कागदांत तिचा निर्देश हिंदु कॉलेज असा येतो. गांवांत ती पाठशाळाच होती.

न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, अलंकार, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक ह्या शास्त्रांस निरनिराळे अध्यापक होते, वेदपठणाचीहि सोय होती, विद्यार्थ्यांस वेतन मिळे. आज आपण पाठशाळा म्हटली म्हणजे एक घर, कांहीं फळे व घंटा असें चित्र डोळ्यांपुढें आणतों. विश्रामबागेंतील व्यवस्था तशी नव्हती. शास्त्री ज्या दालनांत बसत तेंच त्या शास्त्राचें स्थान. ग्रंथ लावावयाचा तर पोथी पुढें हवी, आणि ज्या काळीं संस्कृत ग्रंथ छापून मिळणें दुर्मिळ त्या काळीं पोथी म्हणजे कोणी तरी हातानें लिहिलेली प्रत. ज्याचें घर सदाशिव पेठेंत किंवा शनवारांत त्यानें आपली पोथी रुमालांत बांधून आणावी, दुसऱ्यानें ती उतरून घ्यावी, तिसऱ्यानें समासांत पाठ नोंदवावा, असा हा व्यवहार असे. पाठशाळेचा संग्रह आणि शास्त्र्यांचे घरोघरचे संग्रह यांमध्यें भिंत नव्हती. हें ध्यानांत ठेविलें पाहिजे, कारण पुढें जी हानि झाली ती मुख्यतः येथेंच झाली.

पाठशाळेवर आरंभापासून दोन्ही बाजूंनीं टीका होत होती. जुन्या मंडळींस ती सरकारी म्हणून संशयास्पद, व नव्या मंडळींस जुनी म्हणून निरुपयोगी. सरकारांतहि तिच्याविषयीं एकमत नव्हतें. १८३७ च्या सुमारास टॉमस कँडी यांजकडे देखरेख आली व वेदपठण बंद होऊन इतर बरेच फेरफार झाले. कँडी म्हणजे मोल्सवर्थच्या कोशांत ज्यांचा मोठा हात होता तेच. मराठी वाक्याचा सांगाडा त्यांनीं इंग्रजी केला म्हणून आमचे लोक त्यांजवर रुष्ट असतात, व तो रोष अगदींच अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाठशाळा मोडूं न देतां तिला नवीन काळास जोडावी अशी जी खटपट त्यांनीं केली तिचें श्रेय त्यांस दिलें पाहिजे. याच पाठशाळेंत मोरशास्त्री साठे यांच्यासारखे पंडित होते, व त्यांच्या हाताखालीं कृष्णशास्त्री चिपळूणकर तयार झाले. जी संस्था कृष्णशास्त्र्यांस घडविते तिला मृतप्राय म्हणण्यास धाडस लागतें.

इकडे पुण्यांत सरकारी इंग्रजी शाळा निघाली होती व तिची भरभराट होत होती. दोन संस्था एका गांवांत, दोघींचा खर्च सरकारी, आणि वर एकच शिक्षणमंडळ. त्या मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता हें सर्वश्रुत आहे. त्यांतच १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांचे सहकारी यांनीं दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांकडे लावावा असा अर्ज केला व पुण्यांत मोठी खळबळ उडाली. १८५१ हें वर्ष या दोन्ही प्रकरणांचें फलित होय. त्याच वर्षीं दक्षिणा प्राइज कमिटी निघाली, आणि त्याच वर्षीं संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एक करून पूना कॉलेज स्थापन झालें. प्रमुखपद कँडींकडेच राहिलें.

येथें एका प्रचलित समजाचा निरास केला पाहिजे. कांहीं लेखक १८५१ त पाठशाळा 'बंद पडली' असें लिहितात. कांहीं १८२१ पासून आजपर्यंत एकच संस्था अखंड चालू आहे असें मानून तिची जयंती करितात. दोन्ही विधानें सोयीचीं आहेत. पाठशाळा बंद पडली नाहीं, कारण तिचे शास्त्री, तिची जागा व तिचा संग्रह नव्या कॉलेजांत आला. ती अखंड चालूहि राहिली नाहीं, कारण जी संस्कृत विद्या त्या घराची यजमानीण होती ती आतां त्याच घरांतील एका बिऱ्हाडाप्रमाणें राहूं लागली. व्याकरणांत आम्हीं मुलांस आदेश आणि आगम यांतील भेद शिकवीत आलों. मूळ वर्ण घालवून त्याच्या जागीं बसतो तो आदेश. मूळ वर्ण राखून त्याच्याजवळ येऊन बसतो तो आगम. १८५१ त सांगण्यांत आगम होता, झाला तो आदेश, आणि तो सुद्धां एका दिवसांत न होतां सावकाशीनें झाला.

आतां इमारतीकडे वळूं. एकीकरणाचा कागद झाला, पण कॉलेज बसलें तें त्याच विश्रामबागवाड्यांत. वाडा बांधून पुरीं पन्नास वर्षेंहि झालीं नव्हतीं, तेव्हां त्यास जीर्ण कां म्हणावें, असा आक्षेप येईल. ज्यांनीं पुण्यांतील लाकडी वाडे आंतून पाहिले आहेत त्यांस उत्तर ठाऊक आहे. असा वाडा दगडावर नव्हे, दर उन्हाळ्याच्या डागडुजीवर उभा असतो. कौलें फिरवावीं, पन्हळी साफ कराव्या, तुळईच्या टोंकांस ओल लागली कीं काय तें पाहावें, वाळवीची वाट मोडावी, हीं कामें यजमान घरीं असला तर होतात. यजमान परगांवीं गेला कीं चार पावसाळ्यांत घर म्हातारें होतें. विश्रामबागेचा यजमान ब्रह्मावर्तीं गेला होता. आणि वाडा सुस्थितींत असता तरी तो एका श्रीमंत कुटुंबाच्या राहणीसाठीं बांधलेला. अंधाऱ्या दालनांत दहा शिष्य शास्त्र्याभोंवतीं बसूं शकतात. इंग्रजी पद्धतीचा पन्नास मुलांचा वर्ग, नकाशे व यंत्रें यांस ती जागा नव्हे. केरोपंत छत्र्यांसारख्या गणित व सृष्टिशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकास पूना कॉलेजांत काम करितांना काय अडचणी आल्या असतील त्याची कल्पना करावी.

शिवाय आगीचें भय होतेंच, व तें काल्पनिक नव्हतें. १८२८ त शनिवारवाडा जळाला तेव्हां पाठशाळा सुरू होऊन सात वर्षेंहि झालीं नव्हतीं. त्या ज्वाळा विश्रामबागेच्या माडीवरून दिसल्या असतील. लाकडी वाड्यांत कागद सांठविणें म्हणजे काय हें त्या दिवशीं पुण्यांत कोणास शिकवावें लागलें नसेल.

असें असतां नव्या इमारतीस सतरा वर्षें कां लागलीं? आमच्या मतें पहिलें कारण एकीकरणाच्या स्वभावांतच आहे. दोन संस्था एक करितांना वरिष्ठांपुढें जी गोष्ट प्रथम येते ती काटकसर. दोन मुख्यांच्या जागीं एक मुख्य, दोन दप्तरांच्या जागीं एक दप्तर. ही काटकसर कागदावर ताबडतोब दिसते, म्हणून एकीकरण ताबडतोब होतें. एकत्र आलेल्या संस्थेस मोठी व नवी जागा लागते ही गोष्ट खर्चाची. ती मान्य सर्वांस असते, पण तिची तारीख कोणी घालीत नाहीं. आणि एकदां गाडी जुन्या घरांतच कशीबशी चालूं लागली म्हणजे, चालत आहे तोंवर घाई काय, हा विचार बळावतो. जुन्या घराची दुरुस्तीहि मग थांबते, कारण जें सोडावयाचें त्यावर पैसा कशास घालवा! अशा रीतीनें नव्या घराच्या आशेनें जुनें घर अधिक लवकर पडतें.

दुसरें कारण त्या काळाच्या धामधुमीचें. १८५४ त शिक्षणविषयक प्रसिद्ध खलिता विलायतेहून आला; १८५५ त जुनें मंडळ जाऊन त्याच्या जागीं शिक्षणखातें आलें; १८५७ त एकीकडे मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन झालें व दुसरीकडे उत्तरेंत बंडाचा वणवा पेटला. ज्या मंडळानें एकीकरण केलें तें इमारतीचा प्रश्न सुटण्यापूर्वींच नाहींसें झालें होतें. जो वचन देतो तो वचन पाळावयाच्या वेळीं जागेवर नसतो, हा प्रकार सरकारी कामांत इतका नित्याचा आहे कीं त्यावर टीका करणेंहि जुनें झालें. त्याच सुमारास एडविन आर्नल्ड कॉलेजाचे प्रमुख झाले व १८६१ त परतहि गेले. पुढें बुद्धचरित्रावरील काव्यानें त्यांची जगभर कीर्ति झाली. त्यांची सारी कारकीर्द नव्या इमारतीवांचून गेली.

तिसरें कारण पैसा, आणि येथें एक चमत्कारिक योग आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, व त्या पुरांतून पुष्कळ लोकोपयोगी इमारतींस देणग्या मिळाल्या. पूना कॉलेजाच्या नव्या इमारतीस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याची मोठी देणगी मिळाली ती याच दिवसांत. पुण्याजवळ मुळामुठेवरील बंधारा व पाण्याची सोय याच घराण्याच्या मूळ पुरुषानें केली होती. त्याच बाजूस, नदीपलीकडे येरवड्याच्या माळावर, कॉलेजाची जागा ठरली. १८६४ च्या ऑक्टोबरांत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं पायाचा दगड बसविला. कॉलेजास डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें तेंहि १८६४ त. कॅप्टन सेंट क्लेअर विल्किन्स यांचा आराखडा, गॉथिक धर्तीचें दगडी काम, वर मनोरा. १८६५ त अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, मुंबईंत कित्येक पेढ्या बुडाल्या. दगड बसण्यास आणखी वर्षभर उशीर होता तर ही इमारत कधीं उठली असती कोण जाणे! मार्च १८६८ त कॉलेज तेथें गेलें, तेव्हां फ्रियर जाऊन सर सेमूर फिट्झजेराल्ड गव्हर्नर झाले होते.

नवी इमारत उत्तम होती यांत संशय नाहीं. आम्हीं ती अनेक वेळां पाहिली आहे, आणि झाडींतून तो मनोरा दिसला कीं आजहि बरें वाटतें. परंतु विश्रामबागेपासून ती तीन-चार मैल दूर, मध्यें नदी. विद्यार्थ्यांस राहावयास जागा मिळाली, टेनिस व नौका मिळाल्या. गांवांतल्या शास्त्र्यास काय मिळालें? ज्यानें सकाळीं स्नानसंध्या आटोपून पोथी बगलेंत मारून चार आळ्या ओलांडाव्या व विश्रामबागेंत येऊन बसावें, त्यास आतां मैलोगणती जावें लागे. कांहीं गेले, किलहॉर्न यांस व्याकरण सांगणारे अनंतशास्त्री पेंढारकर यांच्यासारखे पंडित कॉलेजाशीं संबद्ध राहिले, व त्या संबंधांतून परिभाषेन्दुशेखराची व महाभाष्याची जी आवृत्ति झाली तिचें ऋण संस्कृतज्ञ कधीं विसरणार नाहींत. परंतु घरोघरचे रुमाल रोज उघडत व रोज बांधले जात तो व्यवहार नदीपलीकडे गेला नाहीं.

सतरा वर्षांच्या विलंबाची खरी किंमत आमच्या मतें येथें आहे. १८५१ ते १८६८ हा काळ पुण्यांतील पोथ्यांस फार वाईट गेला. जुनी शास्त्री पिढी ह्याच वर्षांत मावळली. दक्षिणेचें उत्पन्न आटलें, मुलें इंग्रजी शिकूं लागलीं, घरांत रुमाल राहिले पण सोडणारा राहिला नाहीं. अशा वेळीं गांवांत एखादी कोरडी, दगडी, विश्वासाची जागा असती, तर पुष्कळ विधवांनीं व नातवांनीं आपल्या घरचे रुमाल आणून ठेविले असते. वरिष्ठ ज्या घराविषयीं 'हें आज ना उद्यां सोडावयाचेंच' असें म्हणत, त्या घरांत पोथी नेऊन कोण ठेवील?

याच मध्यंतरांत परदेशस्थ विद्वान पुण्यास आले. मार्टिन हौग १८५९ त आले व १८६६ त गेले. ते मोठे वैदिक पंडित. त्यांनीं श्रौतप्रयोग प्रत्यक्ष पाहून समजून घेतला, सरकारासाठीं पोथ्या मिळविल्या व स्वतःसाठींहि मिळविल्या. त्यांचा खासगी संग्रह त्यांच्याबरोबर जर्मनींत गेला व त्यांच्या मृत्यूनंतर म्यूनिकच्या ग्रंथालयांत जाऊन पडला. जॉर्ज ब्यूलर यांच्या खासगी पोथ्यांचा मोठा भाग १८८८ त लंडनच्या इंडिया ऑफिसांत गेला. या दोघां महापंडितांस आम्ही दोष देत नाहीं. तेथें त्या पोथ्या सुरक्षित राहिल्या, त्यांची सूची झाली, आणि येथें राहून वाळवीस गेलेल्यांपेक्षां त्यांचें दैव चांगलें असेंच म्हणावें लागेल. परंतु ज्यास महाराष्ट्रांतील एखाद्या वैदिक कुळाची प्रत पाहावयाची त्यास म्यूनिककडे पत्र लिहावें लागतें, ही गोष्ट पुण्याच्या अभिमानाची नव्हे.

योगायोग असा कीं ज्या १८६८ त कॉलेज दगडी घरांत गेलें त्याच वर्षीं लाहोरच्या पंडित राधाकृष्णांच्या पत्रावरून हिंदुस्थान सरकारनें संस्कृत पोथ्यांच्या शोधाची योजना मंजूर केली. पुढच्याच वर्षीं मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागांतील पोथ्यांच्या वर्गीकृत सूचीचा पहिला भाग किलहॉर्न यांनीं प्रसिद्ध केला. त्यानंतर किलहॉर्न, ब्यूलर, रामकृष्णपंत भांडारकर, पीटर्सन यांनीं वर्षानुवर्षें ज्या पोथ्या मिळविल्या तेच ते सालांनीं ओळखले जाणारे संग्रह. जागा आणि योजना एका वर्षीं आल्या म्हणून हें काम झालें. ज्यांस वाटतें कीं विद्येस इमारतीची काय मातब्बरी, झाडाखालींहि ती चालते, त्यांनीं हें पाहावें. झाडाखालीं विद्या चालेल. पोथी चालणार नाहीं.

सालांच्या संग्रहांमागें वर्षांची खूण लागली; जुन्या घराचें नांव घेऊन आलेल्या पोथ्यांस 'विश्राम' ही खूण राहिली. ज्या दालनांत त्यांचा अभ्यास होत असे त्याची आठवण एवढ्या तीन अक्षरांच्या संकेतांत उरली आहे, असें आम्ही समजतों.

आणि त्या जुन्या घराचें काय झालें? कॉलेज गेल्यावर वाड्यांत सरकारी हायस्कूल राहिलें. १३ मे १८७९ च्या रात्रीं पुण्यांत एकाच वेळीं दोन वाडे पेटले, बुधवारवाडा आणि विश्रामबाग. बुधवारवाडा समूळ गेला. त्यांत सरकारी पुस्तकांचा डेपो होता, आणि १८४८ पासून चालत आलेली नेटिव जनरल लायब्ररी होती. ती लायब्ररी, जीस आज पुणें नगर वाचन मंदिर म्हणतात, त्या रात्रीं जळाली. दिवस वासुदेव बळवंतांच्या बंडाचे असल्यामुळें सरकारास राजकारणाचा वास आला, थोर माणसांवर संशय घेण्यांत आला. शेवटीं डेपोंतीलच एका नोकराचें तें कृत्य असल्याचें उघड झालें. विश्रामबागेचा पूर्वेकडील दर्शनी भाग जळाला, बाकीचा वांचला, व पुढें लोकवर्गणी आणि सरकारी मदत यांनीं तो भाग पुन्हां उभारण्यांत आला. आज लोक जो दर्शनी सज्जा पाहून बाजीरावाची रसिकता वाखाणतात तो त्या आगीनंतरचा, ही गोष्ट त्यांस सांगितली तर त्यांचा विरस होतो.

या आगीनंतर पांच वर्षांनीं, १८८४ त, दोन्ही विश्रामबाग संग्रहांच्या याद्या किलहॉर्न व रामकृष्णपंत भांडारकर यांच्या देखरेखीखालीं तयार होऊन प्रसिद्ध झाल्या. १८८८ त श्रीधर रामकृष्ण भांडारकर यांनीं डेक्कन कॉलेजांतील सर्व संग्रहांची जी एकत्र सूची छापली तींतहि ते संग्रह आहेत. पुढें १९१७ त भांडारकर मंदिर स्थापन झालें व १९१८ त सरकारनें हा सर्व पोथीसंग्रह तेथें दिला. म्हणजे या पोथ्यांनीं पेशवाईनंतर तीन घरें पाहिलीं. ज्या कॉलेजानें त्या सांभाळिल्या त्याचा दरवाजाहि १९३४ त सरकारनें बंद केला, व १९३९ त तें संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें. त्या पांच वर्षांत पोथ्या तेथें नव्हत्या हें सुदैव म्हणावें.

विश्रामबागेची कथा आम्हांस इतकी जवळची कां वाटते तें सांगितलें पाहिजे, कारण वाचकांस हा नुसता पुराणवस्तूंचा छंद वाटेल. आम्ही ज्या शाळेंत संस्कृत शिकविलें ती शाळा व जवळचीच दुसरी एक शाळा, दोघी जुन्या इमारतींत होत्या व दोघींचे पट घसरत होते. दोन्ही एक कराव्या व मोकळ्या जागेवर नवी इमारत बांधावी असें ठरलें. एकीकरण जूनांत झालें. पायाचा दगड बसला, नारळ फुटला, आम्हींच मंगलाचरण म्हटलें. त्यानंतर अकरा वर्षें मुलें जुन्याच इमारतींत बसलीं, आणि 'आतां सोडावयाचीच आहे' म्हणून तिच्या छपरावर कोणी एक पत्रा बदलला नाहीं. आमच्या शाळेंत गांवच्या एका वैद्यघराण्यानें दिलेल्या पोथ्यांचें कपाट होतें. साठांहून अधिक रुमाल, त्यांत निघंटु, रसग्रंथ, व एक ज्वरचिकित्सेची अपूर्ण प्रत, जिचें नांव आम्हांस कोणत्याहि सूचींत आढळलें नव्हतें. कपाट हलविण्याविषयीं आम्हीं दोनदां लिहून दिलें. नवी इमारत झाली कीं स्वतंत्र खोली देऊं असें उत्तर आलें. सातव्या पावसाळ्यांत मागची भिंत ओलावली. सुटी संपवून आम्हीं कपाट उघडलें तेव्हां खालच्या दोन फळ्यांवरील रुमाल हातांत घेतांच माती झाली. ज्वरचिकित्सा खालच्या फळीवर होती. तिचीं पहिलीं बारा पानें आम्हीं पूर्वीं हातानें उतरून घेतलीं होतीं, तेवढींच आज आहेत. पोथीचा लेखक शेवटीं विनवितो कीं हिला पाण्यापासून राखा, तेलापासून राखा, सैल बांधणीपासून राखा. ठरावापासून राखा असें लिहावयाचें त्यास सुचलें नाहीं.

दोष कोणाचा म्हणावा? संस्थाचालक वाईट नव्हते, वरचे अधिकारीहि नव्हते. आमचाहि कांहीं दोष आहेच. दोनदां लिहिलें, तिसऱ्यानें आम्हींच कपाट उचलून घरीं कां नेलें नाहीं हा प्रश्न आम्हांस अजून छळतो. नियमांत बसत नव्हतें म्हणून नेलें नाहीं. नियम जागेवर आहे, पोथी नाहीं.

असो. आतां संग्राहकांस आमची विनंति आहे ती सांगून लेख पुरा करितों. पुण्याच्या जुन्या शास्त्रीघराण्यांतील पोथी हातीं आली असतां केवळ आरंभ व पुष्पिका पाहून थांबूं नये. पोथीची बाहेरची फळी, रुमालाच्या आंतील चिठी, पहिल्या पानाची कोरी पाठ व शेवटच्या पानाचा समास तपासावा. 'पाठशाळेची प्रत पाहून लिहिली', 'विश्रामबागेंत शोधिली', अमुक शास्त्र्यांस वाचावयास दिली, अशा अर्थाची नोंद आढळल्यास ती शब्दशः, तिच्या अशुद्धांसह, उतरून घ्यावी. जुना रुमाल मळका म्हणून फेकूं नये व चिठी सैल म्हणून निराळी ठेवूं नये. पुष्कळ वेळां मालकाचें नांव त्या चिठीवरच असतें. अशा नोंदी जमल्या तर 'विश्राम' म्हणून जें वांचलें त्याच्याशेजारीं गांवांत जें पसरलें होतें त्याचा कांहीं अंदाज बांधतां येईल, व पाठशाळेच्या कोणत्या शास्त्र्याजवळ कोणते ग्रंथ होते याची यादी हळूहळू सिद्ध होईल. त्या यादीस आरंभ म्हणून ज्वरचिकित्सेचीं वर सांगितलेलीं बारा पानें आम्हीं मंडळाच्या दप्तरीं ठेवण्यास दिलीं आहेत. ती प्रत पाठशाळेंतील नव्हे. परंतु तिच्या नवव्या पानाच्या समासांत तिच्या लेखकानें पुण्याच्या एका प्रतींतील पाठ नोंदविला आहे. ती प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मंडळास अवश्य कळवावें.